कुकरचं झाकण

आठ नोव्हेंबर, शनिवार. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, थंडी बेताची. काकांनी तारीख आधीच सांगून टाकली, म्हणजे पुतण्यांनी थापा म्हणायला नको.

काकांचा मेव्हणा गवतापासून इंधन करणाऱ्या कारखान्यात होता. गवत कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चाळीस मिनिटं भिजवायचं, मग माणूस उभा मावेल एवढ्या लोखंडी कुकरमध्ये वाफवायचं. तेव्हा कुठे त्याचा ताठा मोडतो आणि पुढे त्यातून साखर सुटते. त्या साखरेचं इंधन.

"मग गवताचा चहा होईल की," थोरला पुतण्या म्हणाला.

"तुझ्यासारख्या बैलाला चालेल. ऐक."

नवा साहेब आला आणि त्याने भिजवायची वेळ वीस मिनिटांवर आणली. कोरडे गोळे कुकरच्या तोंडाशी अडकू लागले. तसल्याच एका गोळ्यापायी अण्णा गेले, तिथले सगळ्यात जुने कामगार. गोळा काढण्यासाठी, आत वाफ कोंडलेली असताना झाकण उघडायला साहेबानेच फोनवरून सांगितलं होतं. शेजारी उभ्या मेव्हण्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"आणि अहवालात काय? अण्णांचा निष्काळजीपणा," काका म्हणाले. "मेलेला बोलत नाही ना, मग घाला त्याच्याच माथी."

कारखाना तेव्हापासून नऊ दिवस बंद. बॉयलर गार. त्या शनिवारी रात्री साडेनऊला साहेबाने मेव्हण्याला बोलावलं. अहवालावर साक्षीदाराची सही हवी होती. वाटेत अण्णांची मुलगी भेटली.

"मामा, चूक बाबांचीच होती का हो?"

तो मान खाली घालून पुढे निघाला. नोकरी होती ना.

साहेब कुकरपाशीच उभा होता.

"कर सही. उद्यापासून कामावर ये."

"मी ऐकलंय, साहेब. वाफ जाईपर्यंत थांबू नको, असं तुम्ही म्हणालात."

"ऐकणारा तू एकटा. हे बघ, म्हाताऱ्याने दांडा असा धरला असणार आणि..."

त्याने झाकणाच्या दांड्यावर हात ठेवला.

दिवा गेला नाही. काही वाजलं नाही.

साहेब बोलायचा थांबला...

हात निघेना.

मेव्हण्याने तोच दांडा धरला. बर्फासारखा गार.

साहेबाचं तोंड उघडं. आवाज नाही...

"आत कोण होतं?" धाकट्या पुतणीने विचारलं.



"...मग सुटला हात," काका म्हणाले. "मेव्हण्याने सही केली नाही."

साहेबाच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर रात्रीचे दहा पन्नास लिहिले आहेत. उजवा हात, तळव्यापासून कोपरापर्यंत, वाफेने भाजलेला.