पाच नंबरचं रीळ

ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्या घरात घडली ती बाई आजही त्याच घरात राहते. ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवते. स्वतः न पाहिलेलं लिहायचं नाही, ही तिची जुनी सवय. तिने सांगितलं तेवढंच इथे आहे.

वेळ रात्रीची नव्हती.

दुपारचे तीन. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. जागा, घराची मागची खोली. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. वडील गेल्यानंतरचा पहिलाच.

वडील थिएटरात ऑपरेटर होते. चौतीस वर्षं त्यांनी वरच्या खोलीतून पिक्चर चालवले. सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणायचे, शेजारी आणि दूधवालासुद्धा. थिएटर बंद पडलं तेव्हा दोन मशीनपैकी एक नंबरचं त्यांनी घरी आणून मागच्या खोलीत ठेवलं. दोन नंबरचं भंगारात गेलं.

त्यांचा जीव काउबॉय पिक्चरांवर. ओसाड माळ, धूळ, लांबून येणारा घोडेस्वार. अशा पिक्चरांची त्यांनी एक वही केली होती. पूर्वी लागलेले, पण पुढे कॅसेट नाही, डिस्क नाही, कुठे बघायला मिळत नाहीत असे. एखादा डिस्कवर आला की ते त्यावर बरोबरची खूण करत आणि आईला चहा टाकायला सांगत. आई म्हणायची, "घोडा त्यांचा आणि दमायचं मी."

वहीत शेवटी एकच पिक्चर खुणेवाचून उरला होता.

इंटरनेटवर अशा वेड्यांचा एक गट आहे. 'डिस्कवर यावेत असे पिक्चर' या त्यांच्या यादीत हाच पिक्चर कित्येक वर्षं पहिला. कुणाकडे प्रिंट आहे का, कुणी पाहिलाय का, पाचव्या भागात नक्की काय होतं, यावर तिथे हमरीतुमरी चालायची. वडील रोज वाचायचे. एक अक्षर लिहायचे नाहीत.

ते गेल्यावर माळा आवरताना तिला पत्र्याचे सात डबे सापडले. तोच पिक्चर. सात रिळं...

म्हणजे सहाच. पाच नंबरचा डबा रिकामा होता. आत वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी.

'पाच नंबर लावायचा नाही.'

वडिलांनी शेवटच्या दुपारी तिला तीनदा फोन केला होता. ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे तिचा फोन गप्प होता. ती बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यामुळे हा पिक्चर डिस्कवर आणायचा आणि सुरुवातीला बाबांचं नाव झळकवायचं, हे तिच्या मनाने घेतलं. त्यांच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

डिस्क काढणारा एक माणूस मिळाला. पाचवं रीळ नसेल तरी चालेल म्हणाला, पण आधी एकदा शोधा, हात जोडतो.

तिने शोधलं. घर पालथं घातलं. शेवटी ती बॅटरीकाकांकडे गेली. थिएटरात अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवायचे ते हे काका. वडिलांचे एकुलते एक मित्र.

काका आधी कानावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, ते रीळ त्यांनीच ऑपरेटरच्या सांगण्यावरून नष्ट केलं. स्वतःच्या हाताने, कात्रीने तुकडे तुकडे करून.

"का?"

"तुझ्या जन्माच्या दिवसापासून त्याने ते कधी लावलंच नाही."

मग काकांनी सांगितलं ते असं.

तेव्हा वरच्या खोलीत दोन माणसं असायची, वडील आणि त्यांचा जोडीदार. मशीनही दोन. एकावरचं रीळ संपत आलं की छोटी घंटा वाजते. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका येतो. दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. काही सेकंदांत दुसरा ठिपका. इकडची झडप बंद, तिकडची उघडी. खाली बसलेल्यांना रीळ बदललेलं कळतसुद्धा नाही. ऑपरेटर पिक्चर बघत नाही, कोपरा बघतो.

आणि त्यांची एक रीत होती. मशीन सोडणाऱ्याने "घे" म्हणायचं. हातात घेणाऱ्याने "घेतलं" म्हणायचं. ते "घेतलं" कानावर पडल्याशिवाय कुणी मशीनपासून हलायचं नाही.

हे तिला माहीत होतं. लहानपणी ती वर जाऊन बसायची. बाबा तिला स्टुलावर उभी करून, ठिपका आला की म्हणायचे, "घे, छोट्या ऑपरेटर." ती झडपेचा दांडा ओढून ओरडायची, "घेतलं!"

जोडीदाराचं मात्र तिला माहीत नव्हतं. त्याच्या बोटात जाड अंगठी असे. चेंजओव्हर, म्हणजे ही मशीनची अदलाबदल, नीट झाला की मशीनच्या लोखंडावर तो अंगठीने दोनदा वाजवायचा. टक, टक. ही त्याची शाबासकी, स्वतःलाच दिलेली.

ती जन्मली त्या दुपारी याच पिक्चरचा तीनचा खेळ सुरू झाला आणि दवाखान्यातून निरोप आला. वडील "घे" म्हणाले. जोडीदार हसत म्हणाला, "घेतलं. पळ तू."

वडील दीड तासाने परत आले, लेक झाल्याचं सांगायला धावतच जिना चढले. तोवर पाचवं रीळ संपलं होतं. पडदा पांढरा. खाली शिट्ट्या. जोडीदार दोन नंबरच्या मशीनला टेकून बसला होता.

गार पडलेला.

डॉक्टर म्हणाले, याला जाऊन दीड तास तरी झालाय.

"पहिलं रीळही संपलं नव्हतं तेव्हा गेला असणार तो," काका म्हणाले. "आणि चार चेंजओव्हर झाले गं. रिळं उतरली, चढली. मी खाली उभा होतो. एक फ्रेम इकडची तिकडे झाली नाही."

वडिलांच्या मनात एकच सल राहिला. परत आल्यावर आपण "घेतलं" म्हणालोच नाही. म्हणायला तिथे कुणी होतंच कुठे?

ती घरी आली. तिला भीती वाटली नाही, असं ती सांगते. वाईट वाटलं. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला दुपारी बाबा मागच्या खोलीत दार लावून बसायचे. मशीन न लावता. नुसते, अंधारात. त्याचा अर्थ तिला आता लागला.

डिस्कवाल्याला प्रत्येक रिळाची अवस्था लिहून हवी होती. वाढदिवसाला सुट्टी होती. आई बहिणीकडे गेली होती. तिने खिडक्यांवर चादरी लावल्या, समोरची भिंत मोकळी केली आणि तीन वाजता एक नंबरचं रीळ चढवलं.

घरी स्पीकर नव्हता. मुका पिक्चर. ओठ हलत होते, घोडे धावत होते, आवाज फक्त मशीनचा. खर्रर्र...

पहिलं रीळ संपलं. एकच मशीन, त्यामुळे थांबवून दुसरं चढवावं लागलं.

तेव्हा तिला ऐकू आलं.

टक... टक.

मशीन तापलं की लोखंड वाजतं. तिने तसं रिळांच्या नोंदीत लिहिलंसुद्धा.

दुसरं रीळ. टक... टक.

तिसरं.

या वेळी काहीच वाजलं नाही. आणि तिचा हात रिळावर तसाच थांबला. आपण वाट बघत होतो, हे तिला कळलं.

चौथ्या रिळात एक ओसाड घर होतं. दारात एक विधवा. लांब माळावर टाचणीच्या डोक्याएवढा घोडेस्वार. तो येतोय, येतोय... तेवढ्यात घंटा. टिंग. ठिपका. दुसरा ठिपका. रिळाचं शेपूट सुटून फटफट आपटायला लागलं. तिने मशीन बंद केलं. दिवा घालवला.

भिंतीवर पिक्चर चालूच होता.

तिने मशीनकडे पाहिलं. मोटर थांबलेली. भिंग काळं.

भिंतीवर घोडेस्वार जवळ येत होता.

आणि खर्रर्र आवाज... तोही चालू होता. तिच्या उजवीकडून. थिएटरात जिथे दोन नंबरचं मशीन उभं असायचं, त्या बाजूने. त्या जागी घरात लोखंडी कपाट होतं. कपाटाच्या बंद दारातून उजेडाचा झोत बाहेर येत होता. त्यात धुळीचे कण तरंगत होते.

ती दाराकडे वळली.

ती पळाली का नाही, हा प्रश्न तिला सगळे विचारतात. ती म्हणते, पळावंसं वाटत होतं. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात दुसरंच आलं.

बाबा असतील तर?

रीळ अठरा मिनिटांचं. अठरा मिनिटं ती उभी राहिली. जगात कुठेही नसलेलं ते पाचवं रीळ तिने पाहिलं. विधवा दिवा लावते. टेबलावर दोन ताटल्या मांडते. एक उचलून ठेवते. पुन्हा मांडते. शेवटी घोडा दारात येऊन उभा राहतो... आणि त्याच्यावर कुणी नसतं.

आणि या अठरा मिनिटांत तिचे हात काय करत होते, हे तिला नंतर आठवलं. त्यांनी चौथं रीळ उतरवलं होतं. सहावं चढवलं होतं. फिल्म दातऱ्यांवर बसवून, वळसे सोडून, सगळं बाबांनी शिकवल्यासारखं.

टिंग.

घंटा कपाटाच्या बाजूने वाजली.

पहिला ठिपका. तिने मोटर सुरू केली.

अंधारातून कुणीतरी म्हणालं, "घे."

आवाज बाबांचा होता का? ती आजही सांगू शकत नाही. त्यांचा असावा असं तिला फार वाटत होतं, एवढं ती सांगते.

दुसरा ठिपका. तिने दांडा ओढला. आणि लहानपणी जसं निघायचं तसं, तिच्याही आधी, तोंडातून निघून गेलं...

"घेतलं, बाबा."

कपाटाचा उजेड विझला. तिच्या मशीनचा भिंतीवर पडला. एक फ्रेम इकडची तिकडे झाली नाही.

मग तिच्या अगदी कानापाशी कुणीतरी लांब श्वास सोडला. कामाची पाळी संपल्यावर माणूस सोडतो तसा.

टक... टक.

बाबांच्या बोटात अंगठी नव्हती. त्यांनी आयुष्यात कधी घातली नाही.

ती धावतच बॅटरीकाकांकडे गेली. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. आधी विचारलं, "तू काही बोललीस का?"

तिने सांगितलं.

काका खाली बसले. मग म्हणाले, वाढदिवसाला दार लावून ऑपरेटर त्या एका शब्दासाठीच बसायचा. मी दरवर्षी म्हणायचो, म्हण की एकदा, मोकळा कर जोडीदाराला. तो म्हणायचा...

"काय म्हणायचे?"

"म्हणायचा, मी घेतलं तर मला सोडवायला कोण येईल? पोरगीच ना?"

शेवटच्या दुपारी आलेले ते तीन फोन. ती तेव्हापासून त्यांचाच विचार करते.

तरीही तिने रिळं पाठवली. बाबांची वही अपुरी राहू नये म्हणून. सहा महिन्यांनी डिस्क निघाली. सुरुवातीला बाबांचं नाव होतं. चौथ्या रिळानंतर काळ्या पडद्यावर एक ओळ, 'पाचवे रीळ उपलब्ध नाही.' तिने वहीत बरोबरची खूण केली. आईने न सांगता चहा टाकला. दोघी त्या दिवशी पोटभर रडल्या.

आठवड्याने गटावर एका निवृत्त पोस्टमनने लिहिलं की पाचवं रीळ नाही असं का छापलंय? आहे की. त्या दोन ताटल्यांपाशी माझे डोळे भरले.

मग आणखी एकाने रिकाम्या घोड्याबद्दल लिहिलं. मग आणखी चौघांनी.

डिस्कवाला शपथेवर सांगतो, डिस्कवर ते नाही. त्याने स्वतः पाहिलं तेव्हा...

तेव्हा काय, ते तो सांगत नाही.

पोस्टमनने पिक्चर रविवारी दुपारी पाहिला होता. त्याच रविवारी, त्याच सुमाराला, ती आईबरोबर वाटाणे सोलत बसली होती. मागच्या खोलीतून घंटा वाजली. टिंग. आईला ऐकू आलं नाही. आईने फक्त एवढंच पाहिलं की लेक मूठभर वाटाणे तसेच टाकून उठली.

"कुठे निघालीस?"

"मशीनवर," ती म्हणाली. आणि आपण काय बोललो हे कळून मटकन खाली बसली.

मशीन तिने देऊन टाकलं. घंटा थांबली नाही. जगात कुठेतरी कुणीतरी तो पिक्चर लावतं, चौथा भाग संपतो, आणि इथे घंटा वाजते. मग अठरा मिनिटं ती कुठे असते, हे तिला सांगता येत नाही. भानावर येते तेव्हा उजवा हात हवेत असतो. दांडा धरल्यासारखा. आणि तोंडात "घे" असतं. ऐकायला खोलीत कुणी नसतं.

काल अकरा वेळा.

तिला मूलबाळ नाही. ते बरंच झालं, असं ती हल्ली म्हणते.

ती डिस्क तुमच्या घरी असेल, तर एवढंच करा. चौथा भाग संपत आला, विधवा दारात आली, लांब माळावर तो ठिपक्याएवढा स्वार दिसला, की बंद करा.

तिला तेवढंच बसायला मिळेल.