तिकडे एकजण आजारी आहे

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मिरजेचा पद्माकर बंगळूरला, राजाजीनगरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होता. माणूस तसा वाईट नव्हता हो, उगाच नावं ठेवणार नाही मी. पण एका रविवारी सकाळी तो खोटं बोलला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

घरमालकीण अहल्याअक्कांच्या फोनवर त्याच्या बहिणीचा, उल्काचा फोन आला होता.

"आईचं काही खरं नाही, पदू. सारखं तुझंच नाव घेतेय. आजच निघ."

"मला ताप आहे गं," पद्माकर म्हणाला. "उभंसुद्धा राहवत नाही. उतरला की येतो."

ताप कसला नि काय! चार इडल्या हाणून मग तो गच्चीवरच्या खोलीतून खाली उतरला होता. खरं सांगायचं तर त्याला आईच्या खोलीची किळस यायची. दिवाळीत तिचं अंथरूण बदलायची वेळ आली, तेव्हा हा पठ्ठ्या दूध आणतो म्हणून जो सटकला तो दोन तासांनी उगवला. उल्कानं एकटीनं सगळं काढलं. तो लघवीचा, बामचा कुबट वास अजून त्याच्या डोक्यातून जात नव्हता. सख्ख्या आईची किळस येते, हे सांगायचं तरी कुणाला?

त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला. खराखुरा. सोमवारी जिना उतरायची ताकद उरली नाही, हाक मारायला जावं तर आवाज फुटेना. मंगळवारी अंथरुणातच सगळं झालं आणि खोलीभर तोच वास पसरला. फडफडत्या कॅलेंडरखेरीज कसला आवाज नव्हता. भिंतीकडे तोंड करून तो लाजेनं रडला. बुधवारही तसाच गेला.

गुरुवारी दुपारी दाराची कडी वाजली. ग्लानीत त्याला डोळे उघडवेनात. कुणीतरी आत आलं, खिडकी उघडली. दोन हातांनी त्याला कुशीवर वळवलं, खालची चादर ओढून काढली, ओल्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं. सावकाश, जराही न कचरता. त्या हातांना धुराचा वास येत होता.

"अक्का... राहू द्या हो..." तो पुटपुटला.

फक्त कपाळावर एक हात टेकला. बोटं कोरडी होती, दिवसभर खडू धरल्यासारखी.

शुक्रवारी ताप उतरला. भिंत धरत तो बाहेर आला, तर गच्चीतल्या दोरीवर त्याची चादर धुऊन वाळत घातलेली होती. तेवढ्यात अहल्याअक्का वर आल्या.

"अय्यो, कधी आलात मास्तर?"

"आलो? मी गेलोच कुठं? अक्का, काल तुम्ही माझं सगळं... मला तोंड दाखवायची लाज वाटते."

"काल? काल मी यशवंतपूरला होते, लेकीकडे. सोमवारी गेले, ती आत्ता येतेय." अक्का त्याच्याकडे बघतच राहिल्या. "सोमवारी तुम्हीच बॅग घेऊन निघालात की. आई बरी नाही, ऊरला, गावाला जातो म्हणालात. तुमच्या मागून मी घराला कुलूप घातलं."

जिना उतरून पद्माकरनं मिरजेला फोन लावला.

"पोचलास?" उल्काचा आवाज इतका मऊ त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "पदू, दिवाळीपासून मनात तुला फार बोलले रे मी. चुकलं माझं. अंगात ताप असून आलास, रात्रभर आईचं सगळं केलंस, मला हातसुद्धा लावू दिला नाहीस. तुझ्याच मांडीवर गेली ती. अग्नी दिलास आणि त्याच पावली निघालास. थांब म्हटलं तर म्हणालास, तिकडे एकजण आजारी आहे, एकटाच आहे... कोण रे? बरा आहे का तो?"

आई गेल्याचं त्याला हे असं कळलं. केव्हा गेली, हेसुद्धा विचारायची सोय नव्हती. मी आलोच नव्हतो गं, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. उल्का पलीकडे वाट बघत होती.

"बरा आहे," तो म्हणाला.

"दहाव्याला ये मग. आणि डोक्याला जप. त्या न्हाव्यानं केवढं कापलंय."

त्यानं डोक्यावरून हात फिरवला. केस होते तसेच होते, दाट. असा दहाव्याला गेलो तर उल्काला सगळं कळेल, एवढंच त्याच्या मनात आलं. मग तो चोरासारखा कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये शिरला आणि म्हणाला, सगळे काढा.

निम्मं डोकं झाल्यावर न्हावी थांबला. त्यानं उजव्या कानामागं बोट टेकवलं.

"सार्, इथं वस्तरा लागलाय."

"आत्ता तुमच्याकडूनच लागला असेल."

"इल्ला सार्. खपली धरलीय. दोन दिवसांची तरी आहे ही. केसांच्या आत कशी काय..." तो हलकेच दाबून बघत म्हणाला, "दुखतंय?"

दुखत नव्हतं. पद्माकरला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटली.