नाकाचा रकाना

नेवियोने मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी गुडघ्यांवर बसून एका कुत्रीच्या खांद्याला मोजपट्टी लावत होते. केसांत भुसा, मोज्यांत भुसा. कुत्री औगुस्तोकाकांची. नेवियो त्यांचा शेजारी, करवत परत द्यायला आला होता आणि कुंपणाला टेकून नुसता बघत राहिला होता.

"बेचाळीस सेंटिमीटर," मी वहीत लिहिलं.

"पंचेचाळीस," कुंपणाकडून आवाज आला.

मी वर पाहिलं. रापलेला चेहरा, एक भुवई वर... आणि हसू असं आगाऊ की वहीच फेकून मारावी!

"तिथून मोजता येतं वाटतं तुम्हाला?"

"छे! पण काकांनी तिला भुशाच्या ढिगावर उभं केलंय, एवढं दिसतं. पाय बघा की, बाई. घोट्यापर्यंत आत गेलेत."

औगुस्तोकाकांना अचानक आभाळात काहीतरी दिसलं. मी कुत्रीला फरशीवर घेतलं. पंचेचाळीस.

आमच्या रोमान्या प्रांतात लागोत्तो म्हणजे ट्रफल हुंगून काढणारा कुरळ्या केसांचा कुत्रा, आणि ट्रफल म्हणजे ओकच्या मुळांशी जमिनीत दडलेलं महागडं अळंबं. नाक चांगलं तो कुत्रा चांगला, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या लोकांना ठाऊक. पण त्या वर्षी, एकोणनव्वदच्या शरदात, इमोला शहरात एक समिती बसली. जातीचं मानक लिहायला. उंची किती, केस कसे, रंग कोणते. मानकात बसेल त्याचं नाव नोंदवहीत, बाकीचे नुसते कुत्रे. मी गुरांच्या डॉक्टरांकडे मदतनीस, म्हणून सांतेर्नोच्या खोऱ्यातले कुत्रे मोजायला मला धाडलं होतं. समितीला लहान चणीचे कुत्रे आवडतात, अशी कुणीतरी आवई उठवली आणि खोऱ्यातले कुत्रे भराभर बुटके व्हायला लागले.

"तुमच्याकडे आहे का लागोत्तो?" मी नेवियोला विचारलं.

"आहे ना. बिर्बा. खोऱ्यातलं पहिल्या नंबरचं नाक. गुरुवारी या."

गुरुवारी गेले, तर बिर्बा घरी नव्हती. पुढच्या गुरुवारीही नव्हती. पण चुलीवर पियादिना, म्हणजे आमची मैद्याची पोळी, भाजली जात होती, वाइन ओतलेली होती, आणि नेवियोचा शर्ट इस्त्रीचा होता.

"कुत्री कुठंय?"

"गेली असेल कुठंतरी... तरुण आहे."

"मागच्या वेळी तर सात वर्षांची म्हणाला होतात."

"मनाने तरुण. बसा ना, चीज वितळतंय."

तेवढ्यात आतल्या खोलीतून दार खरवडल्याचा आवाज आला. मग कुईंऽऽ अशी तक्रार. मी त्याच्याकडे पाहिलं, तो पियादिनाकडे बघत राहिला. कान मात्र लालबुंद.

"उंदीर मोठे दिसतात तुमच्याकडे," मी म्हटलं.

"फार... पुढच्या गुरुवारी मोजाल?"

आणि मी मूर्ख, चक्क हो म्हटलं! त्यानंतर माझा एक दिवस धड गेला नाही. मांजरीला इंजेक्शन द्यायचं सोडून खिडकीबाहेर बघायचं, बुधवारीच गाडीत पेट्रोल भरून ठेवायचं, आरशासमोर तीनदा केस बांधून तीनदा सोडायचे. आई म्हणाली, "मिर्ना, अंगात किडे झालेत का तुझ्या?" झाले होते, नेवियो नावाचे.

तिसऱ्या गुरुवारी बिर्बा अंगणात होती. तपकिरी, लांब पायांची, डोळे मिस्कील. मी तिला फरशीवर उभं केलं. एकोणपन्नास. पुन्हा मोजलं. तरी एकोणपन्नास. मादीला शेहेचाळीसच्या वर घ्यायचं नाही, असं समितीत जवळजवळ ठरलं होतं.

नेवियोचं हसू पहिल्यांदाच विझलेलं पाहिलं मी.

"मिर्ना..." अहो-जाहो गळून पडलं. "शेहेचाळीस लिही ना. तीन सेंटिमीटरचा तर प्रश्न."

"आणि भुशावरून काकांना कोण हसलं होतं?"

"ती गंमत होती. ही नाही." तो पायरीवर बसला. "बाबांनी हे रक्त चाळीस वर्षं जपलं. नोंद नसेल तर हिची पिल्लं कोण नेईल? सगळ्यांना कागदवाला कुत्रा हवा. प्रदर्शनात मिरवणारे बुटके राहतील, आणि हिचं नाक हिच्याबरोबरच संपेल. कळतंय का तुला?"

कळत होतं. पण मी एकोणपन्नास लिहिलं. तो उठून आत गेला. पियादिना तव्यावर करपली.

पुढचे नऊ दिवस... नकोच त्यांचं नाव. फोन वाजला की धावायचं, त्याचा नसला की चिडायचं, आणि आपण त्याला का करत नाही म्हणून स्वतःवरही चिडायचं. मला तो आवडला होता. अगदी वेड्यासारखा!

समितीच्या बैठकीत मी बिर्बासाठी भांडले. "ह्या तक्त्यात केसांना रकाना आहे, शेपटीला आहे, कानाला आहे. नाकाला कुठंय?"

"आहे की," अध्यक्ष म्हणाले. "रंग : तपकिरी."

"वास घेणाऱ्या नाकाबद्दल बोलतेय मी!"

"ते प्रदर्शनाच्या रिंगणात दिसत नाही, पोरी." मग वही माझ्याकडे सरकवून ते हळूच म्हणाले, "एवढा जीव आहे त्या कुत्रीवर, तर एकदा नीट मोज. तीन सेंटिमीटर इकडे-तिकडे होतातच."

पेन हातात होतं... मी वही मिटली. बिर्बा नोंदवहीबाहेर राहिली.

हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून मीच गेले. दारातच सगळं सांगून टाकलं, पेनाचंसुद्धा.

तो म्हणाला, "नऊ दिवस तुझ्यावर रागवायचा प्रयत्न करतोय. जमतच नाही."

"मला तिचं एक पिल्लू हवंय," मी म्हटलं. "बिनकागदाचं. उंच."

त्याने मान डोलावली, शिट्टी वाजवून बिर्बाला बोलावलं. "चल."

धुक्यातून ओढा ओलांडला, चढ चढलो. एका वाकड्या ओकपाशी बिर्बा थबकली आणि पंजांनी माती उडवायला लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे माणूस पाद्र्यापाशी पापं कबूल करेल, पण ट्रफलची जागा दाखवणार नाही. मुलालासुद्धा शेवटच्या आजारपणात सांगतात.

"नेवियो, ही जागा..."

"आईलाही माहीत नाही."

"मग मला का?"

"कारण तुझ्यावर प्रेम आहे माझं. आणि दुसरं काहीच नाही माझ्याकडे द्यायला."

मी त्याच्या मातकट बोटांत बोटं अडकवली, एवढंच. त्यांना ट्रफलचा वास येत होता.

उतरताना पायवाटेवर एक म्हातारा भेटला. हातात कुदळ, पुढे कुत्रा. त्याने आमच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठून म्हणायचं?"

नेवियोने मातकट हात खिशात घातले. त्याच्यासाठीसुद्धा तीन सेंटिमीटरचं खोटं न लिहिणारी मी...

"नदीवरून," मी म्हटलं. "मासे बघायला गेलो होतो. एक दिसेल तर शपथ."