पाचव्या चाकाची हवा

टायरच्या धंद्यात हल्ली माझा अर्धा वेळ टायरपेक्षा दिव्यांतच जातो. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखं एक पिवळं चिन्ह, त्याच्या मधोमध उद्गारचिन्ह. ते पेटलं की माणूस गाडी वळवून थेट माझ्या दारात. प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या मागे, रिमला धरून एक सेन्सर बसवलेला असतो. काड्यापेटीएवढा. हवा किती आणि आतलं तापमान किती, हे तो गाडीला कळवत राहतो. कल्पना चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण त्याची बॅटरी आतच बंद असते; ती संपली की अख्खा सेन्सर फेकायचा. टायर उतरवताना हत्यार जरा तिरकं लागलं की तो मोडतो. व्हॉल्व्ह गंजतो, त्याचा रबरी वॉशर वाळून चिरतो. आणि थंडी पडली की आतली हवा आकसते आणि काही बिघडलेलं नसताना दिवा लागतो. तशा सकाळी माझं शटर उघडायच्या आधीच बाहेर गाड्या उभ्या असतात.

आमच्याकडे येणाऱ्या एका टॅक्सीवाल्यानं त्या दिव्यावर काळी चिकटपट्टीच लावली होती. "घरी बोलणी, रस्त्यावर बोलणी," तो म्हणाला, "आता ह्या दिव्याचीपण ऐकून घेऊ?" मी हसत हसत त्याची चाकं तपासली. एक खरोखरच बसलं होतं.

दादाची गाडी आली ती त्याच सकाळी, टॅक्सीच्या मागोमाग.

दादा माझा थोरला भाऊ. इमारतींचे नकाशे काढतो. रेघ केसभर सरकली तरी कागद बदलणारा माणूस. वहिनी गेल्यानंतर तो गाडी घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडला होता. शर्टाची बटणं नेहमीसारखी गळ्यापर्यंत लावलेली, पण एक घर चुकून.

"दिवा लागलाय," काच खाली करून तो म्हणाला.

"गारठ्यानं लागला असेल. उतर तू, चहा घे."

चारही चाकांत हवा बरोबर होती. सेन्सर मात्र जुने झाले होते, दोनांच्या बॅटऱ्या मरायला टेकल्या होत्या. मी चारही बदलले, नवे वॉशर घातले आणि गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या सेन्सरांची ओळख करून दिली. ती करून दिली नाही तर गाडी त्यांना परकं समजते आणि दिवा लावूनच ठेवते. दादा एक चक्कर मारून आला.

"चार ठीक आहेत म्हणते," तो म्हणाला. "पाचव्यात कमी आहे."

मी वाकून बघितलं. पडद्यावर गाडीचं चित्र, चार कोपऱ्यांत चार आकडे. खाली एक बारीक ओळ होती, स्टेपनीची. ह्याच कंपनीच्या महागड्या गाड्यांमध्ये स्टेपनीतही सेन्सर असतो. दादाच्या गाडीत तो कधीच नव्हता. ओळीत हवा बत्तीसच्या जागी एकोणीस दाखवत होती. तापमान छत्तीस.

मी डिकी उघडून स्टेपनीला हात लावला. बर्फासारखी गार. तरी खात्री म्हणून टायर रिमवरून उतरवला. आत रबराचा वास आणि काळी पूड, दुसरं काही नाही.

"शेजारच्या गाडीचा सिग्नल पकडत असेल," मी म्हणाले. "होतं कधी कधी."

होतंही. पण बाहेर काचांवर दव गोठलं असताना उभ्या गाडीचं कुठलं चाक छत्तीसवर असतं, हे मला दिवसभर टोचत राहिलं.

पुढच्या आठवड्यात मी गाडी ठेवून घेतली. दोन दिवस मी एकटीनं ती चालवली, ओळ आली नाही. दादा न्यायला आला, चालवायच्या सीटवर बसला, आणि ओळ उमटली. आता सतरा.

"खाली उतर."

तो उतरला. ओळ गेली.

"बस परत."

आली.

मी त्याच्याकडून फोन घेतला, घड्याळ काढायला लावलं, खिसे रिकामे करायला लावले. पेन्सिल, खोडरबर, किल्ल्या. ओळ जागच्या जागी. मग मी हातात धरायचं यंत्र आणलं. ते चाकाजवळ धरलं की आतल्या सेन्सरला जाग येते आणि यंत्रावर त्याचे आकडे दिसतात. वीतभर लांब धरलं तर काहीच कळत नाही. मी ते दादाच्या छातीजवळ धरलं, पाठीशी धरलं. काही नाही. माघारी घेताना माझा हात त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवरून गेला.

यंत्र वाजलं.

हवा सतरा. तापमान छत्तीस. आणि खाली, इंजीन बंद असलेल्या, जागच्या जागी उभ्या गाडीत: चाक फिरत आहे.

मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

"तुला सांगणारच होतो," दादा म्हणाला. तो समोर बघत होता. "रोज थोडं कमी होतं. चढावर जास्त."

"दादा, यंत्र आहे ते. यंत्रं चुकतात."

"मला माहितेय यंत्रं चुकतात."

वहिनी छातीच्या आजारानं गेली होती. शेवटी शेवटी दोन वाक्यं सलग बोलली तरी तिला धाप लागायची. मग ती हातानंच 'थांबा' करायची आणि आम्ही सगळे भिंतीकडे बघत उभे राहायचो.

"मी उशा लावायचो," दादा म्हणाला. "एक काढायचो, दुसरी लावायचो. उशांपलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. पण तुझ्याकडे तर हवाच आहे."

"कुठं भरू, दादा? व्हॉल्व्ह कुठंय?"

तो गाडी मागे घेऊन निघून गेला.

त्यानंतर त्याचे फोन यायला लागले. 'कसा आहेस' म्हटलं की तो आकडा सांगायचा. चौदा. मग अकरा. मी डॉक्टरकडे जाऊ म्हणायचे, तो 'बरं' म्हणायचा आणि जायचा नाही. एके दिवशी त्याच्या शेजारणीनं मला बोलावून घेतलं. "तुमचे दादा सकाळपासून गाडीतच बसून असतात," ती म्हणाली. "इंजीन चालू. जेवायला बोलावलं तर म्हणाले, दोघांचं झालं."

मी गेले. दादाची दाढी वाढली होती. मागच्या सीटवर नकाशांची भेंडोळी तशीच पडलेली. शेजारची सीट मागे कलवून त्यानं तिच्यावर दोन उशा लावल्या होत्या, एकीवर एक. पडद्यावर सहा होते.

"चल," मी म्हणाले. "भरूया."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. कारण मी मनाशी वेगळंच ठरवलं होतं. थोडा वेळ नळीतून हवा सोडायची, कॉम्प्युटरमधून ती ओळच कायमची बंद करायची आणि झालं म्हणून सांगायचं. तेवढ्यानं तो जेवला, झोपला, तरी पुष्कळ होतं.

भर दुपार होती. मी शटर अर्धं ओढलं. कॉम्प्रेसर सकाळीच टाकी भरून बंद केला होता, त्यामुळे आत अगदी शांत होतं. दादा चालवायच्या सीटवर बसून राहिला. मी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, हवेची नळी ओढून आणली आणि तिचं तोंड उशांच्या वर धरून खटका दाबला.

फस्स करून हवा सुटली. उशीचा अभ्रा फडफडला. एवढं करताना मलाच लाज वाटत होती. दादाकडे बघायचं मी टाळत होते. नळी थोडी वर नेली. थोडी डावीकडे.

आवाज थांबला.

ज्यानं एकदा तरी हवा भरली आहे त्याला हे ठाऊक असतं. तोंड व्हॉल्व्हवर नीट बसलं की बाहेरचा फुसकारा बंद होतो आणि हवा मुकाट आत जायला लागते. तसाच तो बंद झाला.

मी नळी ओढून बघितली. सुटेना.

माझ्या हातापुढे काहीही नव्हतं. नळी ताणली जाऊन थरथरत होती आणि तिच्या मुठीवरच्या, दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा चढत होता.

दहा.

वीस.

"सावकाश," दादा पुटपुटला. "तिला एकदम सोसत नाही."

बत्तीसला मी खटका सोडला. नळीचं तोंड आपणहून सुटून माझ्या हातात आलं. सुटताना थोडी हवा बाहेर येते, नेहमीच येते. ती माझ्या मनगटावर आली. कोमट होती, आणि ओलसर.

पडद्यावर चार चाकं होती. चारही ठीक. खालची ओळ नव्हती, दिवाही नव्हता.

दादा हसत होता. मग त्यानं शेजारी बघितलं. तळवा उशीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"गेली?"

"हवा भरली ना, म्हणून दिवा विझला."

"नाही गं," तो म्हणाला. "आत्ता होती."

अंत्यविधीच्या दिवशी तो रडला नव्हता; आलेल्यांना खुर्च्या देत फिरत होता. त्या दुपारी तो रडला. मी गाडीच्या दाराच्या पायरीवर बसून त्याचा हात धरून ठेवला. नंतर त्याला घरी नेलं, खाऊ घातलं, आणि तो गाढ झोपल्यावरच निघाले.

हे त्याच्या बाबतीत बरंच झालं असं म्हणायला हवं. ती ओळ पुन्हा आली नाही. हळूहळू तो टेबलाशी बसायला लागला, नकाशे वेळेवर जायला लागले, बटणं ज्याच्या त्याच्या घरात लागायला लागली. पण त्या संध्याकाळचं मी त्याला सांगितलेलं नाही.

दुकान बंद करायला मी परत आले तेव्हा उजेड होता अजून. कॉम्प्रेसरच्या टाकीत दिवसभरात पाणी साठतं. ते रोज काढलं नाही तर लोखंड आतून गंजतं. मी टाकीवरचा दाबाचा काटा बघितला. दुपारी हवा वापरली होती, तेव्हा तो खाली यायला हवा होता. सकाळपेक्षा वर होता. मी वीज बघितली. बंदच होती.

घड्याळ बिघडलं असेल म्हणून मी गुडघ्यांवर बसले आणि टाकीच्या बुडाचा नळ उघडला. गंजाळ पाण्याचे चार थेंब पडले, मागून हवा आली. मग ती थांबली.

टाकी रिकामी झाली असावी. वर बघितलं, काटा जागचा हलला नव्हता.

माझ्या हातात पुसायचा सुताचा बोळा होता. त्यातला एक धागा उचलला गेला आणि नळाच्या दिशेनं आडवा झाला. भरलेल्या टाकीतून हवा बाहेर येते. आत जात नाही, जाऊच शकत नाही. धागा सुटून नळाच्या तोंडाला चिकटला. क्षणभरानं बाहेर उडाला, लोंबला, पुन्हा आत ओढला गेला. सावकाश. कुठंही धाप नाही.

मी नळ बंद करायला हात पुढे नेला. बोटांना ती कोमट, ओलसर हवा लागली आणि मी हात मागे घेतला.

टायरांसाठी मी दुसरा कॉम्प्रेसर आणला आहे. जुनी टाकी मागच्या भिंतीशी आहे. वायर कापलेली, नळ उघडा. दादा काम नसलं की गप्पा मारायला येतो. दुकानात तीन खुर्च्या आहेत, तरी तो त्या टाकीला पाठ लावून जमिनीवर बसतो. इथं बरं वाटतं, म्हणतो. बोलता बोलता त्याला डुलकी लागते. मग मी हातातलं काम सोडून बघत राहते. सुरुवातीला नळाशी अडकलेला तो धागा आणि दादाची छाती बरोबरीनं हलत असायची.

गेले काही दिवस तसं होत नाही. आधी धागा हलतो. मग दादाची छाती.