टोपीचा माथा

राजानंद यांचे केस दिवाळीच्या सुमारास गेले. आधी उशीवर दिसायला लागले, मग टॉवेलवर, आणि एका सकाळी आरशात पाहून तेच हसले, "घ्या शिवकन्याबाई, कंगवा आता तुमच्या एकटीचा." शिवकन्या हसली नाही. अंबडच्या बाजारातून तिनं राखाडी लोकर आणली आणि वायरीनं जोडलेल्या गोल सुया कपाटातून शोधून काढल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. घरात ना गंडा, ना अंगारा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आजाराला औषध होतं, थंडीला टोपी. एवढं सरळ.

टोपीवर वेण्या घालायचं तिनं ठरवलं. थोडे टाके जादाच्या सुईवर काढून पुढं धरायचे, मागचे आधी विणायचे, मग पुढचे. लोकरीला पीळ पडतो आणि वेणी वर चढत जाते. उपचाराच्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीनं जालन्याच्या कॅन्सरच्या दवाखान्यात जायचे. राजानंद आत सलाईन लावून पडायचे, ती बाहेर बाकड्यावर विणत बसायची. फिनेलचा वास, कुणाच्या तरी डब्यातली मेथी, आणि सुयांचा बारीक आवाज.

एकदा तिच्या लक्षात आलं, की तसाच आवाज समोरूनही येतोय.

खिडकीपाशी एक बाई विणत होती. तिच्याच वयाची, हिरव्या काठाच्या साडीतली. राखाडी लोकर. टोपी. वेण्याही त्याच, फक्त शिवकन्येपेक्षा चार बोटं पुढं गेलेल्या.

"कुणासाठी विणून राह्यल्या?" शिवकन्येनं विचारलं.

"आमच्या मालकांसाठी. आत हायेत."

"मी पण ह्यांच्यासाठीच."

"हां," ती मान वर न करता म्हणाली. "दिसतंय."

तिच्या टोपीत एक वेणी मधेच उलट्या बाजूला वळली होती. सांगावं की न्हाई, या विचारात शिवकन्येनं आपली ओळ पुढं विणली. घरी आल्यावर काही दिवसांनी तिचीही वेणी त्याच जागी उलटी वळली. नजरेनं पाहिलं ते हातानं केलं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. उसवलं, टाके मोजत पुन्हा विणलं. पुन्हा तसंच. मग राहू दिलं.

पुढच्या खेपेला त्या बाईच्या लोकरीत एक गाठ आली. तिनं ती नखानं आत दाबली आणि विणत राहिली. दुसऱ्या दिवशी शिवकन्येनं लोकरीचा नवा गुंडा उघडला. बरोबर त्याच ओळीत गाठ. नजरेनं पाहिलेलं हात करील, पण गुंड्यातली गाठ कुठून येईल? तिनं सुया मांडीवर ठेवल्या.

पौष लागला. त्या दिवशी बाईनं टोपी माथ्याकडं निमुळती करत आणली होती. शेवटच्या टाक्यांतून तिनं धागा ओवला, ओढला. माथा मिटला. दातानं धागा तोडून तिनं टोपी मांडीवर सपाट केली.

"झाली," ती म्हणाली.

तेवढ्यात नर्सनं दारातून तिला हाक मारली. ती आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात पुरुषाच्या चपला होत्या. ती शिवकन्येसमोरून सावकाश चालत गेली. रडत नव्हती. जाताना तिची नजर शिवकन्येच्या सुयांवर पडली आणि तिथंच काही क्षण थांबली.

शिवकन्येनं टोपी मिटली नाही.

वरचे टाके तिनं एका दोऱ्यात ओवून ठेवले आणि तशीच उघड्या माथ्याची टोपी राजानंदांच्या डोक्यावर चढवली.

"अगं, वरून वारा येतोय की."

"असू द्या. अजून विणायची हाय."

अधूनमधून ती दोरा काढून एखादी ओळ वाढवायची आणि टाके पुन्हा ओवून ठेवायची. टोपी लांबत गेली; राजानंद तिची घडी कानांवर दुमडायचे. उन्हाळा गेला. रिपोर्ट चांगले आले. केस परतले, मऊ, कुरळे, लहान लेकरासारखे. ती बाई पुन्हा कधी दिसली नाही. आपण एका अडाणी भीतीपायी टोपी अर्धवट ठेवलीय, हे शिवकन्येला पटत होतं. तरी माथा मिटवायला हात धजत नव्हता.

पुढच्या थंडीत त्यांची मुलगी प्रीती पुण्याहून सुट्टीला आली. शिवकन्या सकाळी भाजी आणायला गेली होती. परत येऊन तिनं फाटक लावलं. अंगणात कोवळं ऊन होतं. राजानंद खुर्चीत मान टाकून बसले होते. डोक्यावर टोपी. माथा मिटलेला.

"बघ आई," प्रीती दारातून म्हणाली, "वर्षभर लोंबकळून राह्यली व्हती. जास्तीचं उसवलं, नीट मिटवली. व्हिडिओ बघून केलं, छान झाली ना? बाबांना लगेच झोप लागली."

भाजीची पिशवी खाली पडली.

"अहो."

ते हलले नाहीत. ओठ निळसर. हात उन्हात असून गार.

"अहो, ऐका ना."

प्रीतीचा चेहरा बदलला. "आई, आत्ता तर बोलत होते..."

शिवकन्येनं माथ्यातलं टोक नखानं शोधलं. गाठ सुटेना. तिनं दात लावले. सुटली.

धागा ओढला. एक फेर. दुसरा. लोकर तिच्या पायांवरून फरशीवर पडत गेली. माथा रुपयाएवढा उघडला, मग मुठीएवढा. आतून कुरळे केस दिसले.

राजानंदांनी मोठा श्वास घेतला.

"काय करून राह्यली गं?" ते डोळे चोळत म्हणाले. "गार लागतंय."

प्रीती त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारून रडायला लागली. शिवकन्या खाली बसली. मोकळे टाके तिनं चिमटीत धरून ठेवले होते.

उसवलेली लोकर अंगणातून वळणं घेत गेली होती. तिचं टोक मघाशी इथंच, पायाशी पडलं होतं. आता ते फाटकाखालून बाहेर गेलेलं होतं.

तिच्या चिमटीत धागा हलकेच ताणला गेला. थांबला. पुन्हा ताणला गेला, सावकाश, एका लयीत.

बाहेर कुणीतरी त्या लोकरीचा गुंडा करत होतं.