भयकुलूप

सकाळपासून मैथिली नाफडेने स्वतःच्या फोनवर अंगठा ठेवायची ही विसावी की एकविसावी खेप होती. फोन हातात तीनदा थरथरला आणि पुन्हा काळा पडला. तीनदा थरथरणं म्हणजे नकार. हे कुलूप तिनेच बनवलं होतं, नकाराची खूणही तिनेच ठरवली होती, आणि आज ते कुलूप तिलाच दारात उभं करत नव्हतं.

झालं होतं असं. साडेआठला तिने नागपुरातल्या आपल्या प्रयोगशाळेत पाय ठेवला न ठेवला तोच टेबलावरचा फोन वाजला. एका माणसाने अगदी अदबीने तिचं आदल्या संध्याकाळचं बोलणं तिला वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात ती बहिणीशी बोलली होती, ते शब्दन् शब्द. मध्ये तिला ठसका लागला होता, तोही त्याने सोडला नाही. तिच्या घरात घरसखी नव्हती, तिने ती कधी घेतलीच नव्हती. पण शेजारच्या बिऱ्हाडात होती, आणि मधली भिंत साडेचार इंचांची. "उद्या आयोगापुढच्या सुनावणीला या, पण जपून," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. तेव्हा मैथिलीच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच.

घरसखी म्हणजे ओट्यावर ठेवायची वीतभर डबी. दिवे लावायची, औषधाची वेळ सांगायची, म्हाताऱ्यांशी दोन शब्द बोलायची. हाक मारली तरच ती ऐकते, असं तिची कंपनी छातीठोकपणे सांगे. साफ खोटं. ती सगळं ऐकत होती आणि सगळं साठवत होती. याचा पुरावा कंपनीतल्याच एका माणसाने मैथिलीला आणून दिला होता. तिने त्याला नाव विचारलं नव्हतं. आपल्याला माहीतच नसलं तर आपल्याकडून कोण काढून घेणार, असा तिचा हिशेब. नाव, पत्ता, नंबर, पुरावा, सगळं त्याने एका बंद पाकिटात घालून तिच्या फोनमध्ये ठेवलं होतं. ते पाकीट आज चारच्या आत गोपनीयता आयोगाकडे पोचलं, तर आजच त्याच्या दाराशी पहारा बसणार होता. नाही पोचलं तर तो एकटा. मागच्या वर्षी असाच एक जण बोलायला निघाला होता, त्याची गाडी धरणात सापडली, आणि तो आत होता.

अडीचच्या सुमाराला दार वाजलं आणि मैथिली खुर्चीतून ताडकन उठली. पण दारात देवपुजारी सर होते, तिचे गुरू, हातात डबा घेऊन. तिच्या जिवात जीव आला. आज नेमके कसे काय आलात, हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

सरांनी तिला आधी जेवायला बसवलं. पुडाच्या वड्या होत्या. काकू गेल्यापासून सरांची मुलगी मुक्ता त्या करायची, आणि मैथिली त्यांना नावं ठेवायची, तशी आजही तिने ठेवली. मुक्ताने गच्चीवर लावलेली बाग दाखवायला सरांनी खिशातून फोन काढला. मैथिलीने हेच कुलूप घालून बनवलेल्या पहिल्या दहा फोनांतला एक तिने त्यांना दिला होता. सरांनी अंगठा ठेवला, फोन थरथरला, आणि सरांनी तो परत खिशात टाकला. म्हणाले, हात तेलकट झालेत, तुझं यंत्र भारी सोवळं आहे बाई. मैथिली सकाळपासून पहिल्यांदा हसली. मग दोघांनी कोपऱ्यातल्या नळावर साबणाने हात धुतले आणि सर तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"फार भ्यालीस?"

"फार, सर. माझ्या भीतीपायी त्या माणसाचा जीव जाईल."

"बरं. मला ते कुलूप सांग बघू, पहिल्यापासून. तोंडी परीक्षा समज."

वीस वर्षांपूर्वी ते असंच म्हणायचे. मैथिलीने डोळे मिटले.

"भ्यालेल्या माणसाला तोंडाने खोटं बोलता येतं, शरीराने नाही. नाडी वाढते. तळव्याला घाम येतो. बोटाचे स्नायू सेकंदाला दहा-बारा वेळा कापतात, आपल्याला कळणारही नाही इतके बारीक. काच हे तिन्ही मोजते आणि माझ्या शांत दिवसांशी ताडून पाहते. अंगठा माझा असणं पुरत नाही. मी निर्धास्तही असायला हवी."

"कशासाठी?"

"गळ्याला सुरी लावून कुणाचाही अंगठा टेकवून घेता येतो. म्हणून धाक असला की उघडायचंच नाही."

"आणि एकदा उघडल्यावर?"

"अंगठा काठावर ठेवावाच लागतो. मोजणं चालू राहतं. मध्येच भीती शिरली तर तिथल्या तिथे बंद."

"दुसरी किल्ली?"

"ठेवलीच नाही. दुसरी किल्ली चोरालाच आधी सापडते. तुम्हीच तेव्हा वाद घातला होतात, सर, की एक तरी ठेव."

"घातला होता खरा," सर म्हणाले. "आता घाई करू नकोस. श्वास घे."

त्यांनी मग तिच्या पहिल्या प्रयोगाची गोष्ट काढली, तिने अख्ख्या विभागाची वीज घालवली होती ती. मैथिली ऐकत राहिली. तो आवाज कानावर पडला की आपल्याला कुणी काही करू शकत नाही असं तिला विशीत वाटायचं, आणि पंचेचाळिशीतही तसंच वाटलं. खांदे सैल झाले. बोलता बोलता अंगठा काचेवर गेला, आणि फोन उघडला.

तिला रडूच आलं. पाकीट आयोगाला पाठवायचं तर त्यावरचं नाव एकदा वाचून हो म्हणावं लागत होतं. पडद्यावर अक्षरं उमटली: निषाद पोतनीस, पुणे, खाली पत्ता, खाली नंबर. सर तिच्या खांद्याशी उभे होते. तिने 'हो'वर बोट नेलं.

तेवढ्यात मागे काहीतरी थरथरलं. एकदा, दोनदा, तीनदा.

मैथिलीचं बोट तिथेच थांबलं. हा तिच्या फोनचा नकार नव्हता. तिचा फोन तर उघडा होता. सरांनी आत्ता स्वतःच्या फोनवर अंगठा ठेवला होता आणि फोनने त्यांना नाही म्हटलं होतं. हात तर त्यांनी तिच्यादेखत साबणाने धुतले होते. मग तेलाचा प्रश्न मघाशीही नव्हता. सर भ्यालेले होते. दारातून आत आले तेव्हापासून भ्यालेले होते, आणि त्या फोनवरून त्यांना आत्ता, हे नाव दिसताच, कुणाला तरी काहीतरी कळवायचं होतं.

हातातला फोन तीनदा थरथरला आणि काळा पडला. 'हो' म्हणायचं राहून गेलं.

"सर," ती म्हणाली.

सर खाली बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले.

"काकूंचा शेवटचा आठवडा," ते म्हणाले. "तिच्याने सोसवत नव्हतं. मी आणि मुक्ताने त्या इंजेक्शनचं ठरवलं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. ओट्यावर घरसखी होती. मुक्ता डॉक्टर आहे, मैथिली. जन्मभर आत जाईल ती."

"आणि मला सकाळी आलेला फोन?"

"ती कंपनीची चूक. तुला घाबरवून काही मिळणार नाही, हे मग मीच त्यांना सांगितलं. तू कुणापुढे निर्धास्त होतेस, तेही त्यांनी मलाच विचारलं."

मैथिली मुसमुसत होती. रडू नको असं सर म्हणाले नाहीत. स्वतःचा फोन तिच्या टेबलावर ठेवून ते उठले, आणि दाराशी क्षणभर थांबले. "फोन उघडला नाही म्हणून काय झालं. त्यांची गाडी खालीच उभी आहे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, आणि गेले. जिन्यावर त्यांची पावलं सावकाश उतरत गेली.

नंबर आठवायचा तिने जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. नव्वद, मग काय? डोळ्यांपुढून गेला तेव्हा ती फक्त नाव वाचत होती. नंबर फोनमध्ये होता. पुण्यातल्या त्या माणसाला पळ म्हणून सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चार वाजायला अजून वीस मिनिटं होती, आयोगही उघडा होता, पण पाकिटाशिवाय नुसत्या तोंडी नावावर तो पहारा देत नव्हता. फक्त शांत व्हायचं होतं.

खिडकीखाली पांढऱ्या गाडीची काच खाली झाली आणि सर वाकले.

मैथिलीने डोळे मिटले. अंगठा काचेवर ठेवला. तिला शांत करणारा एकच आवाज जगात होता, म्हणून तिने तोच आठवला.

"सांग बघू," ती स्वतःशी पुटपुटली, "पहिल्यापासून."

फोन तीनदा थरथरला.