देवाच्या दुधाची नोंद

एकसष्ट साली रविकांत आमच्या गोठ्यात शिरला तो शेणावरून घसरूनच. मी हसले. आपटलेल्या माणसाला हसू नये म्हणतात, पण तोही हसतच उठला. घाटावरून आलेला सरकारी माणूस. वालावलच्या दुभत्या गुरांच्या आजारांची नोंद ठेवायला नेमलेला.

"कोण आजारी आहे?"

"कोण नाय. मगे तुमी इलात कित्याक?"

"कुणी आजारी नाही, हेही लिहावं लागतं."

आणि तेवढंच लिहायला तो दर सोमवारी येऊ लागला. गायींना काही होईना, मला मात्र... जाऊ दे! नारळाच्या सोडणांच्या धुराने डोळे चुरचुरायचे, तरी मी गोठ्यातून हलायची नाही.

"माझ्याबद्दल काय लिवलात?"

"धडधाकट. जीभ जरा तिखट."

लक्ष्मीनारायणाच्या अभिषेकाला दूध आमच्याच गोठ्यातून जायचं. तो आमच्या घराण्याचा मान. बाबांचा सगळा जीव त्यात. श्रावणात आमच्या दोन गायी पाठोपाठ गाभडल्या. गाय गाभडली की त्या गोठ्याचं दूध देवाला चालत नाही. बाबांनी पडलेले गर्भ माडाखाली पुरले. "कोणाक कळाक नको," एवढंच म्हणाले.

मला राहवेना. तळ्याकाठी मी रविकांतला सांगितलं – सरकारी माणसाला नव्हे, माझ्या माणसाला. त्याने पहिल्यांदाच माझा हात धरला. "काळजी करू नकोस," म्हणाला. मी केली नाही.

आठवड्याने गुरांचे डॉक्टर दारात उभे. रोग संसर्गाचा, दूध बंद, गायी वेगळ्या बांधा. अख्ख्या वाडीसमोर सांगितलं. मान दुसऱ्या घरी गेला. बाबा ओटीवर बसले ते जेवायलाही उठेनात.

संध्याकाळी रविकांत आला.

"मथुरा, लपवलं असतं तर गावातली सगळी गुरं गाभडली असती. नोंद अपुरी कशी ठेवू?"

"बरोबर केलात."

त्याचा चेहरा उजळला. "मग... बाबांशी बोलू? आपल्या लग्नाचं?"

"लिवच्या आधी माका सांगलात कित्याक नाय?"

"तू नको म्हणाली असतीस तर..."

"मी लिवा म्हटलं असतंय. बाबांक पण मीच सांगलं असतंय. तुमी माका इचारलातच नाय."

माझा त्याच्यावर जीव होता, म्हणूनच संताप आवरेना. गायींचं खरं त्याला हवं होतं. माझं त्याने मनानेच ठरवून टाकलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"होय. आता जावा."

तो गेला. मी ओक्साबोक्शी रडले. मग डोळे पुसून धार काढायला बसले. ते दूध ओतूनच टाकायचं होतं.